सहा फुटांची इमारत पाडताना

राक्षसाचं शेपूट बरोबर जागी लागलं. इमारत पडली, पण फुटली नाही. फ्रीज आडवा व्हावा तशी अख्खीच्या अख्खी मागे कलली आणि जमिनीवर आदळली. कोपऱ्यातून थोडं प्लास्टर उडालं, बाकी मजले जागच्या जागी. हा दुसरा टेक होता. आदल्या दिवशी पहिलाही असाच वाया गेला होता.

दिग्दर्शक हिराओका-सान यांनी मॉनिटरवर तो शॉट पुन्हा पाहिला. मग माझ्याकडे वळून मोजक्या इंग्रजीत म्हणाले, "पडली. कोसळली नाही."

मी त्या सिनेमाची मिनिएचर सुपरवायझर. म्हणजे पडद्यावर जी खरी वाटतात ती छोटी शहरं बनवणाऱ्या टीमची प्रमुख. पुण्यात आर्किटेक्चर शिकले, इंग्लंडमध्ये बेसिंगस्टोकला एका फर्ममध्ये अठरा वर्षं बिझनेस पार्कांची मॉडेल्स बनवली आणि चाळिशी उलटल्यावर सिनेमात आले. काम जवळपास तेच. फरक एवढाच, की इथली मॉडेल्स मोडण्यासाठी असतात.

सिनेमा जपानी होता, एका महाकाय राक्षसाच्या गोष्टीचा दुसरा भाग. पहिल्या भागाच्या शेवटी तो समुद्रात नाहीसा होतो, दुसऱ्यात साउथहॅम्प्टनच्या बंदरात वर येतो. राक्षस म्हणजे रबराचा जाड सूट घातलेला माणूस. त्याच्याभोवतीचं बंदर आम्ही पंचवीसपट लहान बनवलं होतं. बंदराची बारा मजली इमारत त्यामुळे सहा फुटांची झाली. लहान वस्तू पटकन खाली येते आणि खेळण्यासारखी दिसते, म्हणून शूट करताना कॅमेरा पाचपट वेगाने चालवायचा आणि दाखवताना नेहमीच्या वेगाने दाखवायचं. मग अर्ध्या-पाऊण सेकंदात पडणारी इमारत पडद्यावर तीन-चार सेकंद कोसळत राहते आणि डोळ्यांना जड वाटते.

हे सगळं कॉम्प्युटरवर का करत नाही, असं दर दिवाळीच्या जेवणात मला कुणीतरी विचारतंच. हिराओका-सान यांचं उत्तर मला पटतं. कॉम्प्युटरमधला तुकडा सांगितलेल्या जागी पडतो. प्लास्टरचा तुकडा कुणाचं ऐकत नाही, आणि बघणाऱ्याला ते कळतं.

आमच्याकडे एकाच साच्यातून काढलेल्या तीन इमारती होत्या. दोन गेल्या होत्या. स्टुडिओ दुपारी चारनंतर दुसऱ्या युनिटला द्यायचा होता. सूटमधला तात्सुया पन्नाशीला आलेला, गुडघे गेलेले. हा त्याचा सूटमधला शेवटचा सिनेमा, आणि हा शॉट त्याचा शेवटचा शॉट. त्या दिवशी तो आणखी एकदाच सूट घालू शकणार होता.

प्रोड्यूसर हेलन मला बाजूला घेऊन गेली. "सुनेत्रा, मी व्हीएफएक्सवाल्यांना फोन करू का? इमारत ते कॉम्प्युटरवर पाडतील. कुणी तुला दोष देणार नाही."

"मला अर्धा तास दे," मी म्हणाले. "का फुटत नाही ते आधी बघू दे."

पहिल्या टेकनंतर मी हवेला दोष दिला होता. हॅम्पशरच्या नोव्हेंबरमध्ये प्लास्टर वाळत नाही, ओलं प्लास्टर ठिसूळ होत नाही, म्हणून हीटर लावून इमारती वाळवल्या होत्या. सगळ्यांना ते पटलं होतं. मलाही. आता पडलेल्या इमारतीशेजारी मी गुडघे टेकून बसले आणि तडा गेलेला एक कोपरा वाकवला. तो तुटला, पण सुटा झाला नाही. आतल्या धाग्यांनी धरून ठेवला होता.

ते धागे स्क्रिमचे होते. स्क्रिम म्हणजे गोणपाटासारखं विरळ कापड. ओल्या प्लास्टरमध्ये ते घातलं, की तडा गेला तरी भिंत सुटत नाही. बेसिंगस्टोकच्या वर्कशॉपमधून व्हॅनने येताना कोपरे उडू नयेत म्हणून ते घालायला मीच सांगितलं होतं. आधी चाचणीसाठी फोडलेल्या भिंतींमध्ये ते नव्हतं, म्हणून त्या छान फुटल्या होत्या. अठरा वर्षं मी क्लायंटच्या टेबलापर्यंत मॉडेल धड पोचवत आले. तीच सवय इथे नडली.

ते सांगायला वेळ लावून उपयोग नव्हता. मी सरळ मॉनिटरपाशी गेले.

"चूक माझी आहे," मी हिराओका-सान यांना म्हणाले. "हवेची नाही. आत कापड आहे, ते मी घालायला लावलं."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "काढता येईल?"

"काढता नाही येणार. कापता येईल. मागून, एकेक मजला. मला तीन तास लागतील."

"आणि कापताना पडली तर?"

"तर हेलनने फोन करावा."

त्यांनी तिसऱ्या इमारतीकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "तीन तास."

इमारतीची मागची बाजू, कॅमेऱ्याला न दिसणारी, उघडीच होती. कापल्यानंतर तिला हलवणं अशक्य, म्हणून आधी सेटवर नेमक्या जागी उभी केली. मग मी शिडीवर बसून खांद्यापर्यंत आत हात घातला आणि बारीक करवतीने वरच्या मजल्यापासून कोपरे कापायला लागले. बाहेरचं प्लास्टर चार-पाच मिलिमीटर तेवढं ठेवायचं. बोटांना धागा लागला की कापायचा, प्लास्टर लागलं की थांबायचं. सातव्या मजल्यावर एक बारीकसा कट्ट आवाज आला. मी करवत थांबवली. भिंत उभी राहिली. हेलनने बाहेरची फोर्कलिफ्ट बंद करायला लावली आणि सेटवर चालायलाही सगळ्यांना मनाई केली.

तात्सुया अनवाणी पायांनी हळूच माझ्यामागे येऊन उभा राहिला. "आधी कुठे तुटेल?"

मी बोट दाखवलं. "पाचवा मजला, डावा कोपरा. तिथे लागलं तर वरचे मजले एकावर एक बसत येतील."

त्याने मान डोलावली आणि मग स्वतःच्या पायांकडे पाहिलं. "मला सात पावलं चालत यायचंय. सूटचं वजन खूप आहे. हा प्लॅटफॉर्म हलतो."

माझ्या लक्षात आलंच नव्हतं. इमारत त्याच प्लॅटफॉर्मवर उभी होती. शेपूट लागायच्या आधीच, तिसऱ्या-चौथ्या पावलाला ती खाली आली असती.

वरच्या कॅटवॉकवरून, म्हणजे छताजवळच्या अरुंद लोखंडी पुलावरून, अंजली हे ऐकत होती. अंजली लेस्टरची, जन्म तिथलाच. गेली पंधरा वर्षं सिनेमात वायर रिगिंग करते. राक्षसाचं शेपूट वरून तारांनी तीच हलवायची. माझ्याशी मराठीतच बोलायचा तिचा हट्ट.

"सुनेत्राताई, मी तुमचा बिल्डिंग वरून पकडू का?" ती म्हणाली. "चार थिन वायर, वरच्या कोपऱ्याला. शेपूट टच झाला की रिलीज करते."

"कॅमेऱ्यात दिसतील?"

"ग्रे पेंट केला तर नाही दिसणार. पण टायमिंग माझा असेल. तुम्ही ट्रस्ट करा."

"केला," मी म्हणाले.

सव्वातीनला तात्सुयाला सूटमध्ये घातलं. मागची झिप लावली की त्याला मानेतल्या दोन भोकांतून जेमतेम उजेड दिसतो, बाकी सगळं पावलं मोजून. मी कॅमेऱ्यामागे उभी राहिले. हात प्लास्टरने पांढरे, बोटं आखडलेली.

तो निघाला. एक, दोन, तीन. चौथ्या पावलाला इमारत थरथरली. तारांनी तिला धरलं. सातव्याला तो वळला, शेपूट आलं आणि पाचव्या मजल्याच्या डाव्या कोपऱ्यात बसलं. त्याच क्षणी अंजलीने तारा सोडल्या. वरचे मजले एकावर एक बसत खाली आले, भिंती बाहेर फुटल्या, धुरळा उसळला. पाऊण सेकंदही लागला नसेल.

मॉनिटरवर तोच शॉट हळू वेगात पाहिला. जवळपास सगळं खाली गेल्यावर एक कोपरा, त्यावरच्या बंदराच्या पाटीसकट, उरलेल्या भिंतीला थोडा वेळ लोंबकळत राहिला आणि मग निसटला.

हिराओका-सान यांनी तिथे बोट ठेवलं. "हे कसं केलंत?"

"केलं नाही. एक धागा कापायचा राहिला."

"असू दे," ते म्हणाले. मग उठून सूटपाशी गेले आणि तात्सुयाला बाहेर काढायला स्वतः मदत केली. तात्सुया घामाने निथळत होता. त्याने इमारतीच्या ढिगाऱ्यापुढे वाकून नमस्कार केला. मी त्याच्या हातात पाण्याची बाटली दिली.

शॉट सिनेमात पूर्ण आहे, एकही फ्रेम कॉम्प्युटरवर बनवलेली नाही. चार वाजता सेट रिकामा करताना हेलनने ब्रेकडाउन रिपोर्ट भरायला घेतला. दोन टेक का वाया गेले, या रकान्यात तिने "दमट हवा" लिहिलं होतं. मी ते खोडून "स्क्रिम, माझी सूचना" असं लिहिलं.

आता माझ्या टीममध्ये कुणी नवीन आलं, की मी सुरुवातीलाच दोन गोष्टी सांगते. वस्तू किती टिकायला हवी हे सगळेच विचारतात, ती मोडायची कधी हेही विचारून घ्या. आणि चूक आपली निघाली तर लगेच सांगून टाका. हवेला दोष दिला की अख्खा दिवस वाळवण्यात जातो.