खोडकाकांनी तपासलेला लॅपटॉप

छापखान्यात त्यांना सगळे खोडकाका म्हणत. औषधाच्या बाटलीवरचं लेबल असो की शाळेचं पुस्तक, छापण्याआधी प्रत्येक पान त्यांच्या टेबलावर यायचं आणि लाल शाईची खाडाखोड झाल्याशिवाय परत जायचं नाही. एकतीस वर्षांत त्यांच्या नजरेतून चारच चुका सुटल्या होत्या. त्या चारही त्यांना तारखेसकट पाठ होत्या.

पण ही नजर अर्धीच त्यांची होती. उरलेली अर्धी समोरच्या खुर्चीत बसायची, ती म्हणजे त्यांच्या वहिनी. थोरला भाऊ गेला तेव्हा खोडकाकांनीच मोठ्या मालकांकडे शब्द टाकून त्यांना कामाला लावलं, त्याला एकोणीस वर्षं झाली. लेखकाचा मूळ कागद हातात धरून वहिनी मोठ्याने वाचायच्या, तेही विरामचिन्हांसकट: "मुले शाळेत गेली स्वल्पविराम पण गुरुजी आले नव्हते पूर्णविराम." खोडकाका छापील पानावर पेन फिरवत ऐकायचे. कुठे ओळ गळाली असेल तर ती वहिनींच्या आवाजात असायची आणि यांच्या पानावर नसायची, म्हणजे लगेच सापडायची. पान संपलं की वहिनी विचारायच्या, "बरोबर ना, भाऊजी?" हे म्हणायचे, "बरोबर." मग पुढचं पान.

खोडकाका स्वतः अर्थ बघत नसत. "अर्थात गुंतलास की चूक निसटली म्हणून समज," असं ते नव्या माणसाला बजावत. ते फक्त अक्षरं बघायचे. वाचता वाचता वहिनी फिसकन हसल्या किंवा "काय थापा मारतोय हा!" म्हणाल्या, की पानावर काय लिहिलंय ते यांना कळायचं.

मोठे मालक अंथरुणाला खिळले आणि कारभार धाकट्या मालकांकडे आला. हे गृहस्थ गोड बोलत, आणि गोड बोलणाऱ्या माणसाचं करायचं काय, हे खोडकाकांना कधीच समजलं नाही. एका सकाळी धाकट्या मालकांनी खोडकाकांच्या टेबलावर एक लॅपटॉप ठेवला. त्याची स्क्रीन धरून मागे ढकलली, आणखी ढकलली. आता मोडतोय म्हणून खोडकाकांनी हात पुढे केला, तर ती पूर्ण उलटी फिरून कीबोर्डच्या पाठीला टेकली आणि मालकांच्या हातात एक जाडजूड पाटी राहिली.

"हवं तर टाइप करा, हवं तर बोटाने चालवा, नाहीतर या पेनने थेट स्क्रीनवर खोडा," धाकटे मालक म्हणाले. "महिनाभर वापरून बघा आणि रोजच्या कामाला चालतो का ते लिहून द्या. तुमच्याइतका किरकिरा माणूस माझ्याकडे दुसरा नाही."

"आणि वहिनी?"

"त्या तोवर बाइंडिंगला बसतील. एकट्याला जमतं का, तेच तर बघायचंय."

खोडकाका खुळे नव्हते. वहिनींची खुर्ची या यंत्रावर ठरणार, हे त्यांनी तिथल्या तिथे ओळखलं. असा चोख अहवाल लिहायचा की मालकांना बोलायला जागाच राहू नये, असं त्यांनी मनाशी ठरवलं. चोख लिहिलं की झालं, असं वाटणारी माणसं अजून आहेत आणि त्यांचं फार वाईट होतं.

वहिनी चष्म्याचं घर उचलून निघाल्या. जाताना लॅपटॉपकडे बघून म्हणाल्या, "मान पार पाठीला लागते की हो याची! म्हणूनच मालकांना आवडला. आपली नाही बाई एवढी वळत."

महिनाभर खोडकाकांनी त्या यंत्राची एकही खोड सोडली नाही. पाटी करून हातावर घेतला की कीबोर्ड खालच्या बाजूला येई आणि बटणं बोटांना टोचत. तासाभरात डावं मनगट भरून येई. उभ्या स्क्रीनला बोट लावलं की ती डुगडुगायची. खिडकीकडे तोंड केलं तर मजकुराआधी स्वतःचंच थोबाड दिसायचं. तळहात टेकला की नको तिथे रेघ उमटायची, आणि पेन दुपारी चहाच्या सुमारास चार्जिंग संपून मान टाकायचं. तंबूसारखा उभा करण्याची सोय होती, ती कशासाठी हे शेवटपर्यंत कळलं नाही.

तरी खोटं कशाला बोला, त्यांना तो आवडायलाही लागला. दोन बोटं फाकवली की बारीक अक्षर चिंचोक्याएवढं व्हायचं. साठीला आलेल्या डोळ्यांना हे सुख नवं होतं, आणि त्याची त्यांना थोडी लाजही वाटायची.

तिसऱ्या आठवड्यात मात्र शाळेच्या पुस्तकातल्या अख्ख्या दोन ओळी गळाल्या. स्क्रीनवर एका बाजूला मूळ कागद होता, दुसऱ्या बाजूला छापायचं पान होतं, आणि डोळा या बाजूवरून त्या बाजूवर उडी मारताना दोन ओळी खाली उतरला. छापलेले कागद बाइंडिंगला गेले तेव्हा वहिनींनी सवयीने वाचले, मध्येच अर्थ तुटलेला दिसला आणि त्या तशाच धावत आल्या. खोडकाकांच्या यादीत पाचवी तारीख पडली.

तीही त्यांनी अहवालात लिहिली. हाताने, चार पानं. सगळ्या तक्रारी लिहिल्या, मोठ्या अक्षरांचं कौतुकही लिहिलं, आणि शेवटी लिहिलं: 'रोजच्या कामाला यंत्र चांगले आहे, मात्र गळालेली ओळ ते दाखवत नाही. त्यासाठी मोठ्याने वाचणारे माणूस लागेलच.' हे शेवटचं वाक्य लिहिताना त्यांना बरं वाटलं होतं.

दोन दिवसांनी अहवाल टाइप होऊन त्याच लॅपटॉपवर आला. "शेवटची नजर टाका आणि सही करा," मालकांचा निरोप होता. खोडकाकांनी पाटी हातावर घेतली, बोटं फाकवली आणि तपासायला लागले. मूळ चार पानं खणात होती, ती काढली नाहीत. आपलंच लिहिलेलं, त्याला मूळ कशाला बघायचं? दोन शब्द चिकटले होते ते सोडवले, एके ठिकाणी पूर्णविराम राहिला होता तो दिला. खाली 'तपासले, बरोबर आहे' असं लिहून सही ठोकली.

सोमवारी वहिनींच्या हातात पत्र पडलं.

खोडकाका हाताने लिहिलेली चार पानं घेऊन तरातरा मालकांच्या खोलीत शिरले. "हे माझं वाक्य कुठे गेलं? आणि ते दुसरं कुणी घातलं?"

"मी थोडं नीटनेटकं केलं, काका," धाकटे मालक गोडच बोलले. "पण तुम्ही तपासलंत की! पूर्णविरामसुद्धा तुम्हीच दिलात. सही झाल्यावर चूक कुणाची असते, हे या छापखान्यात कोण सगळ्यांना सांगतं?"

सांगणारे तेच होते. एकतीस वर्षं त्यांनी हाच नियम लोकांच्या तोंडावर फेकला होता. चार पानं हातात तशीच धरून ते बाहेर आले.

वहिनी टेबलापाशी, आपल्या जुन्या खुर्चीत बसल्या होत्या. खोडकाका समोर बसले. हातातली चार पानं टेबलावर ठेवली.

"वहिनी, मी ते... मी वाचलंच नाही हो. नुसतं तपासलं."

वहिनींनी चष्मा लावला, पत्र सरळ धरलं, आणि एकोणीस वर्षांच्या त्याच सुरात, कुठेही न अडखळता वाचायला लागल्या. "आमच्या ज्येष्ठ तपासनिसांच्या अहवालानुसार स्वल्पविराम मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या व्यक्तीची यापुढे आवश्यकता नाही पूर्णविराम."

मग चष्म्यावरून त्यांच्याकडे बघत त्यांनी विचारलं, "बरोबर ना, भाऊजी?"