नामा म्हात्रे यांचा उजवा हात

आमच्या खाडीकाठच्या गावातील नामा म्हात्रे यांना पक्षाघात झाला व त्यांचा उजवा हात लुळा पडला. त्यांच्या पत्नी भागुबाई त्यापूर्वीच निवर्तल्या होत्या. मुलगा निकेत कामोठ्यास राहतो. तो म्हणाला, "बाबा, दिवाळीपर्यंत उजव्या हातानं जेवलात तर राहा इथं. नाहीतर घराला कुलूप, आणि तुम्ही माझ्याकडं."

नामा यांना घर सोडावयाचे नव्हते. म्हणून ते मिनिडोर रिक्षाने पेणच्या उपचार केंद्रात जाऊ लागले. तेथे एक रोबोट आहे. त्यास तोंड नाही, पाय नाहीत. केवळ एक लोखंडी बाहू आहे. त्यावर रुग्णाचा हात बांधतात. रुग्णाने ओढावे, आणि जेवढे बळ कमी पडेल तेवढेच यंत्राने द्यावे, अशी त्याची रीत आहे.

नामा तेथे आनंदाने जात. घालावयाचा शर्ट आदल्या दिवशीच काढून ठेवीत. तथापि हात सुधारेना. अनुया नावाच्या उपचार करणाऱ्या ताईंनी यंत्राचा पडदा पाहून विचारले, "काका, सगळा जोर यंत्राचाच दिसतोय. तुम्ही ओढतच नाही का?"

"तो ओढतो तवा मी ढील देतू, पोरी. न्हायतर डबा कलंडतो."

"कसला डबा?"

नामा यांनी सांगितले. मिठागरात ते व भागुबाई समोरासमोर उभे राहून दोरांना बांधलेला डबा झुलवीत आणि खाडीचे पाणी वर टाकीत. एकाने जास्त ओढले की पाणी सांडे. जोडीदाराच्या ओढीबरोबर जावे, हीच त्या कामाची शिस्त होती.

अनुयाताई हसल्या. "अहो काका, हे यंत्र आहे, काकी नाही!"

नामा हसले नाहीत. त्यांनी त्या लोखंडी बाहूकडे पाहिले. मग म्हणाले, "व्हय. न्हाय ती."

त्या दिवसापासून ते स्वतः ओढू लागले. घाम येई, दुखे. हात जसजसा सुधारला तसतसे यंत्र मदत कमी करू लागले. अखेर अनुयाताई म्हणाल्या, "आज ते नुसतं सोबतीला होतं. आता तुम्हाला त्याची गरज नाही. यायला नको."

"कदी मदी आलो तर?"

"कशाला काका? दुसरे पेशंट थांबलेत."

दिवाळीत निकेत सहकुटुंब आला. नामा यांनी उजव्या हाताने घास उचलला. थोडा भात ताटाबाहेर पडला, परंतु घास तोंडात गेला. निकेत म्हणाला, "जिंकलात बाबा. राहा इथंच."

सायंकाळी मंडळी निघाली. नामा दारात उभे होते. निरोपासाठी त्यांनी उजवाच हात उचलावयास घेतला. त्यास अद्याप वेळ लागतो. हात खांद्यापर्यंत पोहोचला तेव्हा गाडी बांधावरून वळून गेली होती. मग ते आत जाऊन सर्वांची ताटे घासू लागले.