दोन राहिलेले अहवाल

त्या आंतरराष्ट्रीय शाळेत मुलं नाना देशांतून आलेली, पण टक्केबाई म्हटलं की कुणालाही खूण पटायची. बाई गुणनोंदणीच्या खोलीत बसायच्या. जिन्याखालची ती अरुंद खोली, तिला बाहेरच्या बाजूने एक खिडकी, खिडकीत स्टीलची फळी आणि त्या फळीवर कोपर टेकून उभी असलेली कुणी ना कुणी आई. बावीस वर्षं बाई तिथे होत्या. पंच्याऐंशी टक्क्यांना प्रगत वर्ग मिळतो आणि चौऱ्याऐंशी पूर्णांक चारला मिळत नाही, हे त्यांनी हजार वेळा तरी सांगितलं असेल. कुणी रडलं तर त्या पाण्याचा ग्लास पुढे करायच्या, आकडा मात्र जागचा हलायचा नाही. शिक्षकसुद्धा थट्टेने म्हणायचे, "बाईंचा रक्तदाबही दोन दशांश स्थळांपर्यंत मोजतात." बाईही हसायच्या. नियम सगळ्यांना सारखा, म्हणूनच तर कुणाच्या लेकराचं नुकसान होत नाही, यावर त्यांचा मनापासून विश्वास होता.

बसकाकांची मुलगी त्या खिडकीशी आली तेव्हा वार्षिक निकालाची धांदल चालू होती. बसकाका म्हणजे शाळेची पिवळी बस चालवणारे. त्यांची मोठी मुलगी तिथेच दहावीत होती. अबोल, पण भौतिकशास्त्रात अशी की सरांनी फळ्यावर केलेली चूक हळूच वहीवर लिहून त्यांच्यापुढे सरकवायची.

"बाई, शून्याच्या जागी दुसरं काही लिहिता येतं का?"

"येतं की," बाई मान वर न करता म्हणाल्या. "काम मुदतीत दिलं नसेल तर 'अपूर्ण' लिहितो आपण. मग पुढच्या सत्रापर्यंत वेळ मिळतो. पालकांच्या सहीचा अर्ज आण. कारण लिहून."

"कारण लिहायलाच लागतं?"

"मग? कारणाशिवाय कसला अर्ज?"

मुलगी क्षणभर घुटमळली. बाईंच्या हातात नववीची यादी होती, फोन वाजत होता. त्यांनी फोन उचलला. परत खिडकीकडे पाहिलं तेव्हा तिथे कुणी नव्हतं.

अर्ज आला नाही. प्रयोगाच्या आठ अहवालांपैकी दोन मिळाले नव्हते, त्यांच्यापुढे शून्य पडलं आणि वर्षाची सरासरी आली त्र्याऐंशी पूर्णांक सहा. अकरावीच्या प्रगत भौतिकशास्त्राच्या यादीत तिचं नाव नव्हतं. सरांना चुटपुट लागली. त्यांनी तिला विचारलंही होतं, पण "राहून गेलं, सर" यापलीकडे ती काही बोलली नव्हती. यादी बाईंनीच टाइप केली आणि बाईंनीच फलकावर लावली. फेरविचारासाठी चौदा दिवस होते, तेही निघून गेले.

सुट्टीत बातमी आली, बसकाकांची बायको गेली. वर्षभर मूत्रपिंडाचं दुखणं होतं म्हणे. शाळेत कुणालाच पत्ता नव्हता. "घरी जरा बरं नसतं," एवढंच बसकाका कधीमधी म्हणायचे.

बाई भेटायला गेल्या. दोन खोल्यांचं घर. बसकाका पलंगाच्या कडेला बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, जणू ते हात कुठे ठेवायचे हेच कळत नव्हतं. धाकटी मुलगी, सातेक वर्षांची, ताईच्या ओढणीचं टोक धरून तिच्यामागे फिरत होती. मोठीने पाणी आणून दिलं.

"मंगळवारी आणि शुक्रवारी आईला दवाखान्यात न्यायचे मी," बाईंनी विचारलं तेव्हा ती म्हणाली. "बाबांच्या बसच्या फेऱ्या असायच्या ना. आईने शपथ घातली होती, शाळेत कुणाला सांगायचं नाही. कीव करून काही दिलं तर ते आपलं नसतं, म्हणायची."

"आणि ते अहवाल?"

तिने कपाटावरून एक फाइल काढली. दोन्ही अहवाल पुरे लिहिलेले होते. आकृत्या पट्टीने काढलेल्या, मोजमापांचे तक्ते नीट आखलेले. एका पानावर सलाइनचा की पाण्याचा, थेंब पडून शाई पसरली होती.

"वॉर्डाबाहेर बसून लिहिले. पण अहवाल द्यायची दहा दिवसांची मुदत टळली होती, मग दिलेच नाहीत." मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "आईला यादीचं कळलं. शेवटपर्यंत म्हणत होती, माझ्यापायी तुझे मार्क गेले."

बाईंनी फाइल मिटली. मुलगी खिडकीशी आली होती. आपण फक्त 'काय झालं गं?' एवढं विचारलं असतं तर!

फाइल घेऊन त्या तडक मुख्याध्यापिकांकडे गेल्या.

"बाई, मुदत संपली," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "एकीला सूट दिली तर उद्या दहा जण उभे राहतील. हे तुम्हीच मला शिकवलंत."

"हो, मीच शिकवलं," बाई म्हणाल्या. आपलेच शब्द इतके बोचरे असतात हे त्यांना त्या दिवशी कळलं. "पण तिने मला विचारलं होतं, मॅडम. निकाल लागायच्या आधीच विचारलं होतं. मी मान वर केली नाही. ही चूक तिच्या खात्यात कशी टाकायची?"

सरांना बोलावणं गेलं. त्यांनी उभ्या उभ्या दोन्ही अहवाल वाचले, मग खुर्ची ओढून पुन्हा वाचले. "अठ्ठेचाळीस आणि सत्तेचाळीस," ते म्हणाले, "पन्नासपैकी." आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले. हिशेब केला तेव्हा सरासरी आली नव्वद पूर्णांक सात. समिती बसली, वाद झाला, शेवटी मान्य झालं. प्रगत वर्गात जागा मिळाली.

ही बातमी द्यायला बाई जवळजवळ धावतच गेल्या. शाळा सुरू होऊन आठवडा झाला होता. मुलगी वाचनालयाच्या पायऱ्यांवर भेटली. तिने सगळं ऐकून घेतलं, चेहरा क्षणभर उजळलाही.

"प्रगतचा तास साडेचारपर्यंत असतो ना, बाई?"

"हो, आठवड्यातून तीन दिवस."

"धाकटी तीनला घरी येते." ती उगाचच दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करू लागली. "एकटी राहत नाही ती. दारात बसून राहते. बाबा सहाला येतात. मला नाही जमणार."

बाईंनी नाना वाटा सुचवल्या. शेजारीण, पाळणाघर, आपण स्वतः थांबू. मुलगी प्रत्येक वाटेला नकारार्थी मान हलवत गेली. "तिला मीच लागते हो, बाई. अजून आईला हाका मारते ती."

ती साध्या वर्गातच शिकली. समितीने पुढे नियम बदलला. शून्य पडण्याआधी मुलाशी समोर बसून बोललंच पाहिजे, अशी ओळ बाईंनी स्वतः त्यात घातली. ती वाचून सगळे 'छान' म्हणाले. बाईंना मात्र त्यात काही छान दिसलं नाही.

दुरुस्त गुणपत्रिका त्यांनी शाळा सुटताना बसपाशी नेऊन दिली. बसकाकांनी ती हातात धरून वरपासून खालपर्यंत पाहिली.

"यात काय बदललंय, बाई?"

"भौतिकशास्त्र. नव्वद पूर्णांक सात होते तिला."

"तेव्हाच होते?"

"तेव्हाच."

बसकाका कागदाकडे बघत राहिले. मागे मुलं चढून आपापल्या जागी बसत होती, कुणीतरी खिडकी सरकवत होतं. "हिच्या आईला..." एवढंच ते म्हणाले. मग कागदाची घडी घालून खिशात ठेवली, दोनदा खिसा चाचपला आणि वर चढून दार लावून घेतलं. बस फाटकाबाहेर वळली, तरी बाई रिकाम्या हातांनी तिथेच उभ्या होत्या.