ड्रॉइंग मास्तरांचे हातमोजे

नुसती चाल बघून गुन्हेगार ओळखणारा जमादार, असं माझं अख्ख्या रत्नागिरीत नाव होतं. ते मीच पसरवलं होतं, आणि ड्रॉइंग मास्तरांची केस आठवली की आजही कान गरम होतात.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी सातवी नापास, शिपाई लागून जमादार झालेला. एका सकाळी मास्तरांचा घरमालक ठाण्यात आला. म्हणाला, मास्तर भरदिवसा खिडक्या लावून बसतो, पांढरे हातमोजे घालतो, मुंबईहून त्याला एसटीने पुठ्ठ्याच्या लांब नळ्या येतात. मुंबईत एक महागडं चित्र चोरीला गेल्याचा बिनतारी संदेश नुकताच आला होता. मी लगेच दोन्हींची सांगड घातली.

साहेबांना सांगून, पंच घेऊन गेलो. कपाटात पातळ कागदाखाली चित्र सापडलं. निळी बाई, तोंडाच्या जागी त्रिकोण. पंचनाम्यात काय लिहायचं कळेना. एक पंच म्हणाला, "लिवा, बाई, मोडलेली." तसंच लिहिलं.

हातमोजे कशाला, विचारलं.

"बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून," मास्तर म्हणाले.

मला वाटलं, झाली कबुली. मास्तर हात जोडून म्हणाले, "जीप शाळेवरनं नेऊ नका. मी अजून कायम झालो नाही, संस्था काढून टाकील." जीप शाळेवरूनच गेली. दुसरा रस्ता लांबचा पडतो, असं मी मनाला सांगितलं.

ठाण्यात मास्तर एकच सांगत राहिले. ही छापील प्रत आहे, मुंबईच्या दुकानातून विकत घेतली. कागद पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, पण ऊन, खारी हवा नि हाताचा घाम सोसत नाही. मी म्हटलं, चोर असंच बोलतात.

तेवढ्यात एसटी स्टँडवर मास्तरांच्या नावाची दुसरी नळी आली. मी स्वतः उघडली. आत तीच बाई, तोच त्रिकोण. "साहेब, टोळी आहे," मी म्हणालो.

साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून भिंग लावलं. रंगाचा थर कुठेच नाही, नुसते छपाईचे बारीक ठिपके. "जमादार, एकच चित्र दोनदा कसं चोरतात?" त्यांनी विचारलं. पहिल्या प्रतीच्या कोपऱ्यात मात्र अंगठा उमटला होता, बांगड्याच्या तेलाचा. दुपारी बांगडा मीच खाल्ला होता.

त्या केसने एवढं शिकवलं की एकदा संशय धरला की समोरच्याचं प्रत्येक खरं उत्तर कबुलीसारखं ऐकू येतं.

मास्तरांना साहेबांनी लगेच सोडलं. दुसरी प्रत शाळेसाठी होती. ती घेऊन दुसऱ्या दिवशी मीच शाळेत गेलो. मुख्याध्यापिका बाईंना म्हटलं, मास्तर निर्दोष आहेत, नोकरीवरून काढू नका, मी स्वतः हमी देतो.

बाई म्हणाल्या, "मास्तर वर्गावर आहेत, नि राहतील. त्यांना मी ओळखते. तुमची हमी कोण देणार? नळी ठेवा आणि निघा."