माळ्याचा पंखा मीच निवडला

आमच्या माळ्यावरचा पंखा मी निवडलेला आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण घरात त्या पंख्याचा विषय निघाला की माझा मुलगा हेच वाक्य पुढं करतो, "अव्वा, तूच तर निवडलास की!" आणि ते खरं आहे. फक्त तो पंखा कुणासाठी निवडला जात होता, हे मला सोडून बाकी सगळ्यांना ठाऊक होतं.

गोष्ट फार जुनी नाही. तेव्हा मी तरुण होते, म्हणजे सत्तरीच्या अलीकडं होते. तेव्हाच्या त्या बाईची, म्हणजे माझीच, आठवण आली की तिच्या पाठीत एक धपाटा घालावा वाटतो. काय ती ऐट, काय तो उत्साह! नवी नवरी पहिल्यांदा बाजाराला निघावी, तशी पंखा बघायला निघाली होती.

आमचं घर लातुरात, मागं डाळ मिल आणि पुढं क्लासेस, अशा मधल्या गल्लीत. खाली तीन खोल्या, राहणारे मी, मुलगा, सून आणि शाळकरी नात. खोल्यांवर स्लॅब आणि स्लॅबवर पत्रे टाकून केलेला माळा. माळ्यावर मधोमध उभं राहता येतं, कडेला गेलं की पत्रा डोक्याला लागतो. तिथं तुरीच्या डाळीचे डबे, कुरडया-पापड, जुन्या गाद्या, असा संसाराचा गाळ साठलेला. माझी खोली खाली, रस्त्याकडची. दाराबाहेर ओटा. माझे मालक वारल्यावर या घरात पूर्ण माझं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं. सकाळी पूजा झाली की ओट्यावर बसायचं, भाजी निवडायची, जाणाऱ्या-येणाऱ्याला अडवायचं. आख्ख्या गल्लीची खबर माझ्या ओट्यावरून पुढं जायची. त्या खोलीतून मला हलवलं असतं तर मी उरले असते ती फक्त दोन वेळच्या जेवणापुरती, हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणून तर कुणी हलवेल असं मनातसुद्धा आलं नव्हतं.

चैत्रात एका दुपारी मुलगा ऑफिसातून लवकर आला आणि माझ्याजवळ येऊन बसला. हा मुलगा माझ्याजवळ बसतो तो ताप आला तरच. मी कपाळाला हात लावून बघितला.

"ताप न्हाई गं अव्वा. माळ्याला पंखा बसवावा म्हणून राहिलो. वरचे पत्रे तापतात, पत्र्यानं स्लॅब तापतो, आणि स्लॅबखाली तुझी खोली. वरची गरम हवा बाहेर फेकली की तुला खाली गार वाटंल."

"कुलर आण की मग."

"आणि पाणी? प्यायच्या पाण्याला टँकरची वाट बघून राहिलो आपण."

हे खरंच होतं. मग तो म्हणाला, "पण अव्वा, पंखा तूच निवड. आपल्याला न्हाई कळत त्यातलं."

संपलं! त्या एका वाक्यात मी विरघळले. लग्नात माझा शालूसुद्धा सासूबाईंनी निवडला होता, आणि नवरा वडिलांनी. घराला रंग कुठला द्यायचा ते मालक ठरवायचे, मी फक्त फरशीवर सांडलेला पुसायची. आणि आज शिकला-सवरलेला लेक म्हणतोय, तूच निवड. मी त्याच दुपारी शेजारच्या दोन दारांना सांगून आले, "आमच्या घरात पंखा बसणार हाय, मी बघून राहिले." बघा म्हणजे.

पहिल्यांदा मनात भरला तो डाळ मिलच्या पत्र्यावर फिरतो तो चकचकीत भोपळ्यासारखा पंखा. वीज नको, बटण नको, वाऱ्यावर आपला गरगर फिरत राहतो आणि आतली गरम हवा वर ओढतो. आमच्या मागच्या मिलवर सहा-सात आहेत. उन्हात असे चमकतात, की मला आपल्या घराला कळस बसल्यासारखंच वाटायला लागलं. पण मी काही अशी तशी बाई नव्हते. खातरजमा करायची म्हणून एसटीत बसून थेट नांदेड गाठलं. माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी, तिच्या मालकांच्या गोदामावर तसले दोन भोपळे आहेत.

भर दुपारी आम्ही दोघी डोक्यावर पदर घेऊन गोदामापुढं उभ्या. वारा टीचभर नाही. भोपळे ढिम्म.

"फिरत न्हाईत की गं."

"अक्का, वारं असलं की फिरतेत."

"वारं असलं तर मला पंखा कशाला लागतो?"

बहीण हसली. मग म्हणाली, "विजेचाच घे तू. भिंतीत बसतो तो. पण अक्का, आवाज बघून घे. कमी आवाजाचा घे."

"माळ्यावरच्या पंख्याचा आवाज मला खाली काय करतो?"

 बहिणीनं विषय बदलला आणि मला जेवायला वाढलं. ताटात आग्रह करून दोन पोळ्या जास्त वाढल्या. तेव्हाच्या त्या शहाणीला वाटलं, काय माया आहे बहिणीची.

परत आल्यावर मुलाबरोबर गंजगोलाईच्या बाजारातल्या एका दुकानात गेले. दुकानदारानं चार एक्झॉस्ट काउंटरवर मांडले. मी काय काय विचारलं म्हणता! पाती लोखंडाची का प्लास्टिकची? बंद असताना झडपा आपोआप मिटतात का, का मिलचा भुसा आणि कबुतरं घरात? उन्हाळी वारं पश्चिमेचं, म्हणून पंखा पूर्वेच्या भिंतीला लावायचा आणि समोरच्या भिंतीत जाळीचा झरोका ठेवायचा, हवा बाहेर फेकायची तर आत यायलाही वाट लागतेच की, हे सगळं मी त्याला ऐकवलं. तो म्हणाला, "आजी, तुमी दुकानात बसा, मी घरी जातो." मला वाटलं, स्तुती करून राहिला.

शेवटी दोन राहिले. एक लहान, मऊ आवाजाचा. दुसरा मोठा काळा. तो सुरू केला तर काउंटरवरची बिलं उडाली आणि माझा पदर त्याच्याकडं ओढला गेला. आवाज असा, की पिठाची गिरणी चालू झाली. पण ओढ पण तशीच!

मुलगा म्हणाला, "अव्वा, हा लहान घेऊ. आवाज कमी हाय."

"आवाजाचं काय करायचंय तुला?"

"नाही, म्हणजे... कधी कुणी वर बसलं-उठलं तर."

"वर कोण बसतंय? डाळीच्या डब्याला काय कान असतेत का?"

दुकानदार खदखदून हसला. मीही माझ्याच विनोदावर हसले. मुलगा मात्र हसला नाही. "बघ अव्वा, परत एकदा विचार कर," असं त्यानं तीनदा म्हटलं. मी मोठा काळाच घ्यायला लावला. आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकलं जाऊन राहिलं होतं, मी माघार घेते होय!

पंखा बसला. पूर्वेच्या भिंतीत, माझ्या हिशोबानं अगदी बरोबर जागी. चालू केला की माळ्यावरची गरम वाफ खरोखरच बाहेर जायची, आणि खाली माझ्या खोलीत संध्याकाळी हात लावला तर छत पहिल्यासारखं पोळत नव्हतं. मी गल्लीतल्या बायकांना एकेक करून खोलीत नेऊन छताकडं बोट दाखवत होते. सुनेनं माळा झाडून घेतला, गाद्यांना ऊन दाखवलं, एका भिंतीला चुना लावला. मी म्हटलं, पंख्याच्या निमित्तानं घर तरी साफ झालं.

दहावीचा निकाल लागला तसं आमच्या गल्लीत दरवर्षीसारखं सुरू झालं. उदगीर, देवणी, नांदेड, परभणी, कुठून कुठून आई-बाप पोरांना क्लासेसला घालायला घेऊन यायचे आणि दारोदार विचारायचे, "खोली हाय का, खोली?" गल्लीतल्या निम्म्या घरांनी आपली माणसं मागच्या अंगाला सारून पुढच्या खोल्या पोरांना दिलेल्या आहेत. आमच्याकडं कुणी विचारलं की मीच ओट्यावरून सांगायची, "न्हाई बाबा, पुढं बघा."

त्या दिवशी एक जोडपं आलं, बरोबर दोन वेण्या घातलेली मुलगी. देवणीकडचे होते. मी नेहमीसारखं म्हटलं, "खोली न्हाई बाबा आमच्याकडं."

बाप म्हणाला, "तसं न्हाई आजी, साहेबांशी बोलणं झालंय आमचं. ही रस्त्याकडची. बघून जावा म्हणाले."

"ही? हिच्यात मी राहते."

"हाव, ते सांगितलंय त्यांनी. आजी वर जाणार हायत म्हणाले. वर पंखा-बिंखा बसवून घेतलाय म्हणाले आजीसाठी."

मी भाजी निवडत होते. मेथी होती. काय झालं ते कळायला थोडा वेळ लागला, हात तेवढे आपले चालत राहिले. मग मी पाहुण्यांना आत बोलावलं. काय करणार? दारात आलेल्या माणसाला तसंच कसं घालवायचं? सुनेला चहा ठेवायला सांगितलं. सून चहा घेऊन आली ती खाली मान घालून, आणि कप ठेवून तशीच परत गेली.

मुलीची आई माझ्या पलंगाच्या जागी हातानं माप घेऊन बघत होती, टेबल बसेल का म्हणून. मधेच तिचं माझ्याकडं लक्ष गेलं आणि ओशाळून तिनं हात मागं घेतला.

मी विचारलं, "वरची का घेत न्हाई तुम्ही? वर बी खोलीच हाय. पंखा लई भारी हाय, मी निवडलाय."

ती बिचारी साधेपणानं म्हणाली, "पत्र्याखाली कशी ठेवायची आजी, लेकरू हाय. अभ्यास करायचाय तिला. आणि त्या पंख्याचा आवाज, खाली इथं बसून ऐकायला येऊन राहिला."

ते गेले. मी नांदेडला फोन लावला. बहिणीला एकच विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

 ती म्हणाली, "अक्का, त्यानं शपथ घातली होती गं. मी म्हटलं, सांग तुझ्या आईला. तर म्हणाला, अव्वा ऐकायची न्हाई, हळूहळू वर न्यायची. मी तुला आवाज बघ म्हटलं का न्हाई? म्हटलं की न्हाई?"

"हाव. म्हटलीस."

फोन ठेवला. सगळ्यांनी मला इशारे दिले होते. मुलानं दिला, बहिणीनं दिला. आणि मी दुकानात उभी राहून पदर ओढला जातो का बघत होते. स्वतःच्या छातीवर बसवायचा पंखा इतकी चौकशी करून कुणी घेतला नसेल. मला हसू आलं. मुलाला खोली हवी होती याचं मला एवढं लागलं नव्हतं. नातीचं शिक्षण पुढं होतं, गल्लीत सगळे भाडेकरू ठेवतात, हे मलाही दिसत होतं. लागलं ते त्या दुपारचं. तो माझ्याजवळ येऊन बसला होता ना, ते.

संध्याकाळी तो घरी आला. सुनेनं त्याला दारातच काहीतरी सांगितलं असावं, कारण तो बूट न काढता माझ्या खोलीच्या उंबऱ्यात येऊन उभा राहिला.

"अव्वा, मी सांगणारच होतो."

"कधी? माझा पलंग वर नेल्यावर?"

"तुझ्यासाठीच केलंय सगळं. चुना लावला, पंखा बसवला. तूच तर निवडलास..."

"डाळीसाठी निवडला मी तो."

 तो म्हणाला, "बदलून आणतो. तो लहान, कमी आवाजाचा आणतो. उद्याच आणतो."

"पंख्याचं राहू दे. तुला काय पाहिजे ते तोंडानं म्हण. इतके दिवस सगळ्यांना म्हणालास, देवणीच्या माणसाला म्हणालास. मला एकदा म्हण."

तो भिंतीकडं बघत राहिला. मग माझ्या पलंगाकडं, देवळीतल्या पूजेकडं. आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता, सून ऐकत होती. लहानपणी मार पडायच्या आधी उभा राहायचा तसा उभा होता, आणि माझं काळीज तिथंच पाघळायला लागलं होतं, हे मी कबूल करते.

शेवटी खाली बघत म्हणाला, "अव्वा, ही खोली मला भाड्यानं द्यायची हाय. तू वर राहायला जाशील का?"

"न्हाई," मी म्हटलं.

त्यानं मान वर केली. त्याला वाटलं होतं, एवढं म्हटलं की आई विरघळणार. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं होतं. चैत्रात त्यानं हेच विचारलं असतं, तर दोन दिवस रुसून, बहिणीला फोन करून, शेजारी रडून, मी गेलेही असते वर. आता मात्र शब्द तोंडातून गेला होता, आणि परत घ्यावा असं काही वाटेना.

"बरं," असं म्हणून तो बूट काढायला बाहेर गेला.

मी खालीच राहिले. महिनाभर घरात सगळे माझ्याशी फार जपून बोलायचे, ते जास्त टोचायचं. अजूनही तो कधी संध्याकाळी माझ्याजवळ येऊन टेकला, की मी कपाळाला हात लावत नाही. वाट बघते, आता काय निघतंय म्हणून. बहुतेक वेळा काहीच निघत नाही. तो नुसताच बसतो आणि उठून जातो. तरी माझी वाट बघणं काही सुटत नाही.

त्या मुलीला आमच्या पलीकडच्या गल्लीत खोली मिळाली. तिची आई भेटायला येते तेव्हा ओट्यावरून मला दिसते. एकदा मी हाक मारली, तर ऐकू न आल्यासारखं करून निघून गेली. मुलानं त्यांना कळवलं असणार, की तयारी सगळी झाली होती, आमच्या अव्वानंच नाही म्हटलं. एवढ्या सगळ्या भानगडीत तेवढं एक मात्र त्यानं खरं सांगितलं.