सॅम्युएलची मेणबत्ती

माझी पोस्टिंग उत्तर सिक्कीममध्ये होती. मी आर्मीच्या इंजिनिअर्समध्ये कॅप्टन होते. रस्त्यावरचा बर्फ काढून पुढच्या पोस्टपर्यंत गाड्या जाऊ देणं, एवढंच आमच्या प्लाटूनचं काम.

लान्स नायक सॅम्युएल आमचा डोझर ऑपरेटर. तो बडनेऱ्याचा, मी अमरावतीची. इतरांसमोर तो हिंदीत बोलायचा, मी एकटी दिसले की वऱ्हाडीत.

"मॅडम, कॉन्व्हेंटवाल्यायले आपली बोली समजते काय?"

"समजते."

"मंग बोलत काहून नाही?"

मी नुसती हसले. बोलणं मला कुठल्याच भाषेत फारसं जमत नाही.

ईस्टरच्या सकाळी त्यानं आणि केरळच्या दोन जवानांनी सर्वधर्म स्थळात प्रार्थना केली. मग लंगरमध्ये, म्हणजे जवानांच्या जेवणघरात, त्यानं हळदीच्या पाण्यात रंगवलेली उकडलेली अंडी वाटली.

"अंडे को पीलिया हो गया क्या?" सुभेदार साहेब म्हणाले. सगळे हसले. आम्ही कामाला निघालो.

दुपारच्या आत वरून बर्फाची स्लाइड आली. डोझरसकट सॅम्युएल खाली नदीकडे गेला. मी वरच्या वळणावर उभी होते. आम्ही दोर लावून उतरलो आणि फावड्यांनी, हातांनी खणत राहिलो. रेडिओ सेटवर कंपनी कमांडरचा आवाज आला.

"ऊपर क्रॅक दिख रहा है. सर्च बंद करो. ओव्हर."

"सर, थोडा टाइम चाहिए. ओव्हर."

"निगेटिव्ह. सबको पीछे लाओ. आउट."

मी सगळ्यांना मागे आणलं. थोड्याच वेळात आम्ही खणत होतो तिथंच दुसरी स्लाइड कोसळली. उन्हाळ्यात बर्फ वितळल्यावर डोझर सापडला. सॅम्युएल सापडला नाही. निर्णय योग्य होता, असं चौकशीत ठरलं. मी ते मान्य करते. तरी त्याच्या घरच्यांना तोंड दाखवायची मला लाज वाटत होती.

सर्व्हिसची मुदत संपवून मी अमरावतीला परतले. यंदा त्याच्या आईचा फोन आला.

"ईस्टरले या, मॅडम."

बडनेऱ्यात पहाटे प्रभातफेरी निघाली. गाणी म्हणत मंडळी कब्रस्तानात पोचली. कबरींना ताजा चुना दिलेला होता. ज्यानं त्यानं आपल्या माणसाच्या कबरीवर मेणबत्ती लावली. सॅम्युएलची आई पेटलेली मेणबत्ती घेऊन फाटकाशीच थांबली.

शेजारीण म्हणाली, "आमच्या सासऱ्यापाशी लाव ना माय."

"उसन्या जागेत काहून ठेवू त्याले?"

मग ती माझ्याकडे वळली. आता विचारणार, असं मला वाटलं. त्याला तिथं सोडून मागे का आलात, एवढाच तर प्रश्न होता.

तिनं मेणबत्ती माझ्या हातात दिली.

"तुमी धरा. शेवटी तुमच्यापाशीच होता तो."

नको म्हणायचं होतं. मी ती धरून ठेवली. दोन कबरींच्या मधल्या मोकळ्या जागेत मी उभी राहिले. चर्चचे पाळक एकेका कबरीपुढं थांबत, नाव घेत, मंडळी प्रार्थना करत. तसं करत ते माझ्यापुढं आले. मला वाटलं, पुढं जातील. ते थांबले. त्यांच्यामागं सगळी मंडळी थांबली.

"सॅम्युएल," पाळक म्हणाले.

सगळ्यांनी माझ्यासमोर माना झुकवल्या. वारा सुटला होता. आईनं ज्योतीभोवती दोन्ही हात धरले, आणि मला तिच्याकडे बघता आलं नाही.