कारल्यावरचा उजेड

माझ्या बायकोच्या मामांइतक्या आदराने भाजीकडे पाहणारा माणूस अख्ख्या मीरा-भाईंदरमध्ये दुसरा नसेल. माणसांचे फोटो काढायला ते साफ नकार देत. "माणूस कॅमेऱ्यासमोर आला की खोटं हसतो. दुधी हसत नाही," हे त्यांचं म्हणणं. निवृत्त झाल्यावर मामा-मामी लालबागची खोली सोडून पेणकरपाड्याच्या नव्या इमारतीत आले, तेव्हा बाकी सगळ्यांनी स्टेशन किती लांब, पाणी किती वेळ येतं, ही चौकशी केली. मामांनी स्वयंपाकघराच्या खिडकीत ऊन कधी येतं तेवढंच विचारलं. समोरच्या इमारतीमुळे ते सकाळी जेमतेम डोकावायचं. तेवढ्या वेळात टेबलावर कापड, कापडावर कारलं, उजेड परतवायला एका बाजूला थर्माकोलचा तुकडा, दुसऱ्या बाजूला पोळ्या गुंडाळायची चकचकीत फॉइल, असा थाट मांडून मामा कॅमेऱ्यामागे श्वास रोखून उभे राहत. कारल्याच्या प्रत्येक उंचवट्याला स्वतःची सावली असते आणि समोरून उजेड टाकला की ती मरते, हे त्यांनी मला इतक्या गंभीरपणे सांगितलं की मी नकळत "अरेरे" म्हणालो.

बाजारात तर ते बघण्यासारखे असत. जवळच्या डोंगरी गावाहून भाजी घेऊन येणारी एक मावशी रस्त्याच्या कडेला बसायची. मामा एकेक वांगं उचलून, डोळे बारीक करून उन्हात फिरवत. ती वैतागून म्हणायची, "काका, वांगा घ्याचा हाय का त्याचा लगीन लावाचा हाय?" मामा शांतपणे सांगत, "याच्या पाठीवर चमक कुठे पडते ते बघतोय." घरात फोटो झाल्याशिवाय भाजी चिरायची नाही असा दंडक. त्यामुळे आम्ही जेवायला गेलो की बरेचदा पिठलं खायचो, आणि भरताचं वांगं शेजारी दिव्याखाली ऐटीत बसलेलं असे. मामी वाढता वाढता म्हणायच्या, "त्याचं झालं की तुमचं."

मग मामींची नजर जायला लागली. बरीच वर्षं अंगात मुरलेल्या मधुमेहाने डोळ्यांचा पडदा खराब झाला होता. आता आहे तेवढं टिकवायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. एका सकाळी मुळा चिरताना त्यांचं बोट कापलं. पांढऱ्या ओट्यावरचा पांढरा मुळा त्यांना दिसलाच नव्हता. सुरी बाजूला सारून त्या म्हणाल्या, "उद्यापासून डबा लावा. माझं संपलं आता."

दुसऱ्या दिवशी बोटाची विचारपूस करायला मी गेलो, तर ओट्यावरची ट्यूब बंद, खाली काळा पुठ्ठा अंथरलेला, त्यावर मुळा, शेजारी मामी, आणि मामा टेबललॅम्प हातात धरून ओट्याशी वाकलेले. "वरच्या ट्यूबने सगळं सपाट होतं रे," ते मला म्हणाले आणि दिवा इंचाइंचाने खाली आणू लागले.

"आता?"

"नाही."

"आता दिसतंय?"

"नाही हो. कशाला दमताय?"

दिवा अगदी बाजूला, ओट्याला टेकेल इतका खाली गेला. मामी पुढे वाकल्या. "थांबा. हलवू नका. कड दिसतेय."

मामांनी दिवा तिथेच धरून ठेवला. मामींनी सावकाश, जाड जाड चकत्या केल्या. त्या दिवशी मुळ्याची भाजी झाली आणि तिचा फोटो कुणीच काढला नाही.

पुढे प्रत्येक भाजीची सोय ठरली. वांग्याखाली पांढरा पुठ्ठा, फ्लॉवरखाली काळा, मेथी निवडताना दिवा पानांच्या मागून. लोडशेडिंग असलं की मामा बॅटरी घेऊन उभे. अशी काही वर्षं मामींनी स्वतः रांधलं. हळूहळू दिवा आणखी जवळ आणावा लागला, आणि शेवटी कुठूनही धरला तरी उपयोग होईना. डबा सुरू झाला.

त्यानंतरच्या थंडीत मी गेलो, तेव्हा दोघं गच्चीवर होती. मामींच्या पुढ्यात लाल भोपळा ठेवलेला. कॅमेरा कुठे दिसत नव्हता. मामींनी दोन्ही तळवे भोपळ्यावरून फिरवले आणि एका जागी थांबवले.

"या बाजूला ऊन आहे. गरम लागतंय."

"बरोबर," मामा म्हणाले. "आणि सावली?"

त्यांची बोटं खाचांवरून हळूहळू पलीकडे सरकली. "इथून."

मामा त्या बोटांकडे पाहत राहिले. मी आल्याचं त्यांना सांगायचं होतं, पण ऊन ढळेपर्यंत मी जिन्याच्या दारातच उभा राहिलो.